फोनच्या राखणदाराची परीक्षा कोण घेतो?

एकलहऱ्याच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. दुपारची भांडी उरकून बसला असाल, नाहीतर द्राक्षाच्या बागेत काम करता करता रेडिओ लावला असेल, तर आवाज जरा वाढवा. आजचा विषय फोनचा आहे आणि पैशाचाही.

बाजारात आपण काटा बघतो. त्या काट्यावर, वजनावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. शिक्का मारणारा माणूस ना दुकानदाराचा, ना गिऱ्हाइकाचा. दुकानदार कितीही म्हणाला, "मावशी, माझा काटा एकदम बरोबर आहे," तरी आपली नजर शिक्क्याकडे जाते. प्रेशर कुकर घेताना आयएसआय बघतो, मध घेताना ॲगमार्क बघतो. मग फोनचं रक्षण करतो म्हणून जे ॲप विकतात, ज्याला अँटिव्हायरस म्हणतात, त्याच्यावरचा शिक्का कुठे शोधायचा? ते ॲप खरंच काही पकडतं का नुसतं बसून खातं, हे कोण तपासतं? आमच्या गटाला हे शोधावं लागलं, कारण त्यात आमचे पाच हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी रुपये अडकणार होते.

झालं असं. गटातल्या तिघींच्या फोनवर काही दिवसांत एकसारखाच लाल पडदा आला. "तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस सापडले आहेत, ताबडतोब साफ करा." वर टिकटिक घड्याळ उलटं पळतंय. आमच्या सचिव ताईंच्या फोनवर गटाच्या खात्याचे मेसेज येतात, त्यावरच बँकेचं ॲप आहे, त्यामुळे बैठकीत सगळ्या घाबरल्या. त्याच आठवड्यात एका मोबाइलवाल्याने आम्हाला गाठलं. बारा जणींचे बारा फोन, दर फोनला वर्षाला ४९९ रुपये, "पूर्ण सुरक्षा". बारा गुणिले ४९९ म्हणजे ५,९८८. आम्ही महिन्याला प्रत्येकी १०० रुपये बचत करतो, म्हणजे हे आमच्या सगळ्यांच्या पाच महिन्यांच्या बचतीएवढे पैसे. आणि त्याच बैठकीत एका ताईंचा अर्ज होता, मुलीच्या बारावीनंतरच्या प्रवेशासाठी सहा हजार कर्जाचा. एकतर हे, नाहीतर ते.

आधी त्या लाल पडद्याचं सांगतो. तायांनो, इंटरनेटवरचं एखादं पान उघडल्या उघडल्या आपल्या फोनमधले व्हायरस मोजू शकत नाही. दारावरून जाणाऱ्या फेरीवाल्याने आत न येताच "तुमच्या धान्याच्या कोठीत तेरा उंदीर आहेत" म्हणावं, तसं ते आहे. त्यावर कुठेच बोट लावायचं नाही, क्रोम बंद करायचं, आणि क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात सूचना, तिथे ज्या अनोळखी साइटला परवानगी दिलेली दिसेल ती काढून टाकायची. आमच्या तिन्ही फोनवरचा पडदा एवढ्यानेच गेला. असं खोटं भय घालून व्हायरस काढायचं साधन विकणं ही फसवणूक आहे, असं केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या नियमावलीत लिहून ठेवलंय. गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या तेरा युक्त्या त्यात सांगितल्या आहेत, त्यातली ही एक. त्याची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर करता येते.

पण पडदा खोटा होता म्हणून धोका खोटा ठरत नाही. लग्नपत्रिकेच्या नावाने, आरटीओच्या दंडाच्या नावाने, शेतकरी सन्मानच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके नावाची फाइल येते आणि ती उघडली की फोन दुसऱ्याच्या हातात जातो, हे पोलीस वारंवार सांगताहेत. लाडक्या बहिणीच्या केवायसीच्या वेळीही खोट्या साइटपासून सावध राहा असं सांगावं लागलं. म्हणून मोबाइलवाल्याला आम्ही लगेच हाकलून दिलं नाही. आधी या मालाची परीक्षा कोण घेतं ते बघू म्हटलं.

बघायला लागलो तर पहिलीच गोष्ट अशी सापडली की हसावं का रडावं कळेना. २०१४ मध्ये अमेरिकेत प्ले स्टोअरवर "व्हायरस शिल्ड" नावाचं ॲप आलं. किंमत ३.९९ डॉलर, म्हणजे त्या वेळचे साधारण २४० रुपये. दहा हजारांवर लोकांनी ते विकत घेतलं. पाचपैकी ४.७ तारे! ते ॲप करायचं काय? बोट लावलं की फुलीचं चित्र जाऊन बरोबरची खूण यायची. बस्स. आत दुसरं काहीच नव्हतं. अँड्रॉइडची माहिती देणाऱ्या एका साइटच्या लोकांनी ते उघडून बघितलं तेव्हा बिंग फुटलं, आणि गुगलला लोकांचे पैसे परत द्यावे लागले. आता सांगा, ते तारे दिले कोणी? ज्यांना बरोबरची खूण दिसली आणि बरं वाटलं, त्यांनीच. फोन सुरक्षित आहे का नाही, हे वापरणाऱ्याला दिसत नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर जिभेला कळतं. अँटिव्हायरस निकामी निघाला तर लुटलं जाईपर्यंत काहीच कळत नाही. म्हणून या वस्तूला तारे आणि अभिप्राय पुरत नाहीत. तिला परीक्षकच लागतो.

असे परीक्षक आहेत. जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहरात एव्ही-टेस्ट, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक शहरात एव्ही-कम्पॅरेटिव्हज. इंग्लंडमध्येही आहेत. यांचं कामच हे. खरे पकडलेले व्हायरस, खरी चोरटी ॲप जमवायची, प्रत्येक अँटिव्हायरसला त्यांच्यासमोर सोडायचं आणि किती पकडले ते मोजायचं. एव्ही-टेस्ट तीन विषयांत प्रत्येकी सहा, असे एकूण १८ गुण देतं. पहिला विषय, चोर पकडला का. दुसरा, फोन किंवा कॉम्प्युटर किती मंद केला. तिसरा आम्हाला फार आवडला, साव माणसाला चोर म्हटलं का. कारण सगळ्यांवरच भुंकणारा कुत्रा ठेवला तर चोरही सापडतोच की! पण पोस्टमन, पाहुणे, शेजारीण, सगळ्यांवर भुंकला तर चार दिवसांनी आपण त्याच्याकडे लक्ष द्यायचं सोडून देतो.

हे आम्ही नुसतं सांगायचं म्हणून सांगत नाही. २०१९ मध्ये एव्ही-कम्पॅरेटिव्हजने अँड्रॉइड फोनची २५० अँटिव्हायरस ॲप घेतली आणि प्रत्येकासमोर २,००० धोकादायक ॲप ठेवली. पास व्हायला काय लागत होतं? शंभरातली तीस पकडायची आणि निर्दोष ॲपला चोर म्हणायचं नाही. आपल्या दहावीला ३५ लागतात, इथे तीस. तरी २५० पैकी ८० च पास झाली. काही ॲप तर काहीच तपासत नव्हती, त्यांच्याकडे फक्त नावांची यादी होती. यादीत नाव असेल तो साव, नसेल तो चोर. आणि काहींनी त्या यादीत स्वतःचंच नाव घालायचं विसरल्यामुळे ती स्वतःलाच चोर म्हणत होती. आमच्या बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, "बरं झालं, निदान एक तरी खरा चोर पकडला."

परीक्षा घ्यायला नवे व्हायरस तयार करावेत का, यावरही मोठं भांडण झालेलं आहे. २००६ मध्ये अमेरिकेच्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांच्या मासिकाने साडेपाच हजार नव्या धाटणीचे व्हायरस मुद्दाम बनवून घेतले. नवा चोर आला तर ओळखतील का, हे बघायला. अँटिव्हायरसवाले चिडले, आधीच जगात कमी आहेत का म्हणाले. आम्हाला दोघांचंही थोडं थोडं पटतं.

आता आपल्याकडचं बघू. क्विक हील हे नाव दुकानात बघितलं असेल. ही पुण्याची कंपनी, आपल्याच माणसांची. साताऱ्याकडचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्त करायचे. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकले आणि दुरुस्तीला येणाऱ्या मशिनमधले व्हायरस काढायचा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला. त्यातून कंपनी उभी राहिली, २००७ मध्ये तिला आजचं नाव मिळालं, २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. ऐकून छाती फुगते. पण आपला मराठी माणूस म्हणून परीक्षा माफ होत नाही. क्विक हीलही आपला माल माग्डेबुर्गच्या प्रयोगशाळेत तपासायला देत आली आहे, आणि तेच बरोबर आहे. आपल्या गटाचे पापड आपण कितीही प्रेमाने लाटले तरी अन्न परवान्याचा नंबर पाकिटावर छापावाच लागतो ना.

मग या परीक्षकांवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा का? नाही. कांद्याचा व्यापारी लिलावाला ट्रॉलीच्या वरचा कांदा बघून भाव लावत नाही, हात खाली घालून आतला कांदा काढतो. कारण वाणगी एक आणि माल दुसरा, हे सगळीकडे चालतं. २०१५ मध्ये चिनी कंपनी चिहू ३६० ने नेमकं हेच केलं. परीक्षेला जे अँटिव्हायरस पाठवलं त्यात दुसऱ्या कंपनीकडून घेतलेलं चांगलं इंजिन चालू होतं. गिऱ्हाइकांना जे मिळत होतं त्यात ते बंद. तीन परीक्षकांना, म्हणजे एव्ही-टेस्ट, एव्ही-कम्पॅरेटिव्हज आणि इंग्लंडच्या व्हायरस बुलेटिनला संशय आला, तिघांनी मिळून शोध घेतला आणि त्या वर्षी दिलेली सगळी प्रमाणपत्रं काढून घेतली. आम्हाला यात धीर येण्यासारखं हे वाटलं की पकडलं परीक्षकांनीच, आणि गुपचूप न मिटवता जाहीर केलं.

दुसरी गोष्ट पैशाची. या प्रयोगशाळांचा खर्च बराचसा कंपन्यांच्या फीमधूनच येतो. म्हणजे परीक्षार्थीच परीक्षेची फी भरतो. आपल्या बोर्डाच्या परीक्षेचंही तसंच आहे, फी भरली म्हणून कुणी पास करत नाही. तरी बघणाऱ्याने बघत राहावं. २००८ पासून परीक्षक आणि कंपन्या यांची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिने परीक्षा कशी घ्यायची याचे नियम लिहून ठेवले आहेत. परीक्षा कशी घेतली ते लिहून दाखवणारा आणि नापासांचीही नावं छापणारा परीक्षक आम्ही जास्त धरतो. "२०२५ ची १० सर्वोत्तम ॲप" अशी नुसती यादी देणारा नाही.

त्या याद्यांबद्दल जरा सांगायलाच हवं. अशा यादीतल्या नावावर बोट लावून आपण खरेदी केली की यादीवाल्याला कमिशन मिळतं, हे त्या पानावर तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कधी नसतंही. २०२१ मध्ये तर असं झालं की इंटरनेट गुप्त ठेवायची व्हीपीएन नावाची सेवा विकणाऱ्या केप या कंपनीने, त्याच सेवांना गुण देणाऱ्या साइटची कंपनीच विकत घेतली. पापड विकणारीनेच पापड स्पर्धेचा परीक्षक नोकरीला ठेवला! ग्राहकांच्या ऑनलाइन अभिप्रायांसाठी आपल्या भारतीय मानक ब्युरोने, म्हणजे आयएसआय देणाऱ्यांनीच, नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० नावाचं मानक काढलं आहे. पण ते ऐच्छिक आहे, सक्तीचं नाही. तारे बघताना हे लक्षात असू द्या.

आणि तिसरी गोष्ट. चोर पकडण्यात पहिला आलेला राखणदार घरातलं काय बाहेर नेतो, हे त्या गुणांत येत नाही. अवास्ट हे जगभर वापरलं जाणारं, परीक्षेत चांगले गुण घेणारं अँटिव्हायरस. त्याचीच एक उपकंपनी लोक इंटरनेटवर काय काय बघतात याची माहिती विकत होती. २०२० च्या जानेवारीत ते उघड झालं, कंपनीला तो धंदा बंद करावा लागला आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आयोगाने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. म्हणून ॲप घालताना ते कशाकशाची परवानगी मागतंय ते वाचा. अँटिव्हायरसला फाइली बघाव्या लागतात हे ठीक, पण तुमच्या फोनमधल्या सगळ्यांचे नंबर कशाला?

आता आमच्या गटाने काय केलं ते. मोबाइलवाल्याकडून आम्ही त्या ॲपचं पूर्ण नाव लिहून घेतलं. गटातल्या एका ताईंची मुलगी नाशिकरोडला कॉम्प्युटरचं शिकते, तिला सोबत घेऊन दोन्ही प्रयोगशाळांचे अँड्रॉइडचे ताजे निकाल बघितले. ते फुकट वाचायला मिळतात. इंग्रजीत आहेत, पण गुणांचा तक्ता कुणालाही कळतो. त्या ॲपचं नाव दोन्हीकडे नव्हतं. नापास नव्हे, परीक्षेलाच बसलेलं नव्हतं. मोबाइलवाल्याला विचारलं तर म्हणाला, "ताई, प्ले स्टोअरला ४.६ तारे आहेत." आम्ही एकमेकींकडे बघितलं. मग दुसरा प्रश्न विचारला, पुढच्या वर्षी किती? बारीक अक्षरात होतं, दुसऱ्या वर्षापासून १,२९९, आणि ते खात्यातून आपोआप कापले जाणार.

गटाच्या लॅपटॉपवर आम्ही एक छोटी परीक्षा स्वतःही घेतली. आयकार नावाची ६८ अक्षरांची एक ओळ असते. ती काहीच नुकसान करत नाही, पण जगभरच्या अँटिव्हायरसनी ठरवलंय की ती दिसली की ओरडायचं. फाइलमध्ये ती ओळ घातली आणि साठवायला गेलो तर विंडोजमध्ये आधीपासून फुकट असलेल्या डिफेंडरने फाइल तिथल्या तिथे उचलून टाकली. यातून राखणदार जागा आहे एवढंच कळतं, हुशार आहे का ते नाही. ते कळायला पुन्हा माग्डेबुर्गचा तक्ता. दहा-बारा वर्षांपूर्वी याच डिफेंडरला तिथे पकडण्याच्या विषयात अगदी तळाचे गुण पडायचे. अलीकडे तो १८ पैकी १८ च्या आसपास असतो. उलट फोनमधला फुकटचा प्ले प्रोटेक्ट २०२१ च्या चाचणीत १५ जणांत शेवटचा आला होता. वीस हजारांतली साधारण दोन-तृतीयांश धोकादायक ॲपच त्याने पकडली. पुढे तो सुधारला. म्हणून निकाल बघताना तारीख आधी बघायची. जुना निकाल म्हणजे गेल्या वर्षीचा कांद्याचा भाव.

त्यानंतर बाराही फोन सतरंजीवर मांडून बसलो. प्रत्येक फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख असते. चार फोनची तारीख तीन वर्षांपूर्वीची निघाली, म्हणजे कंपनीने त्यांची डागडुजी करणंच सोडलंय. बहुतेक पोराने नवा घेतला आणि जुना आईला दिला, असे ते फोन. अशा फोनला वरून कुठलंही अँटिव्हायरस लावलं तरी ते मोडक्या दाराला कुलूप लावल्यासारखं. दुर्दैवाने सचिव ताईंचा फोन त्यातच होता. म्हणून बँकेचं ॲप आणि गटाचं सिम अध्यक्ष ताईंच्या नव्या फोनमध्ये हलवलं, तसा ठराव लिहिला. बाकीच्या फोनमध्ये प्ले प्रोटेक्ट चालू आहे ना ते बघितलं, आणि प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप घालायची परवानगी सगळीकडे बंद केली. ज्यांना जास्त हवं त्यांच्यासाठी सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची फुकट साधनं आहेत. हे केंद्र २०१७ पासून चालू आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेने केलेलं एम-कवच नावाचं ॲपही तिथेच सापडतं. पैसे देऊनच घ्यायचं तर तक्त्यातलं, वर्षाची खरी किंमत विचारून. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच शिकवत आली आहे की एकटीने घेण्यापेक्षा मिळून घेतलं तर विक्रेता नीट उत्तरं देतो. बारा जणींनी एकदम प्रश्न विचारल्यावर तो मोबाइलवालाही आमच्याशी वेगळ्या सुरात बोलायला लागला.

त्या महिन्यात सहा हजार कर्ज त्या ताईंना मंजूर झालं. मुलीचा प्रवेश झाला.

एक मात्र कुठल्याही प्रयोगशाळेच्या तक्त्यात मिळणार नाही. फोनवर गोड बोलून ओटीपी काढून घेणारा, "तुम्हाला डिजिटल अटक झाली" म्हणून धमकावणारा, पैसे यायला यूपीआयचा पिन टाका म्हणणारा, यांना अँटिव्हायरस पकडत नाही. कारण दार आपणच उघडतो. असं कुणाच्या बाबतीत झालं तर रडत बसायचं नाही, नवऱ्यापासून लपवायचं नाही, त्याच मिनिटाला १९३० ला फोन लावायचा आणि बँकेला कळवायचं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या नियमाप्रमाणे, बँकेची किंवा आपली चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर भुर्दंड आपल्यावर येत नाही. ओटीपी आपण दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं असतं, पण कळवल्यानंतरचं नाही. म्हणून तासातासाचा फरक पडतो.

पुढच्या बुधवारी आधारच्या अंगठ्यावर पैसे काढताना पावती कशी मागायची आणि अंगठा लॉक कसा करायचा, यावर बोलू. येताना फोनमधली ती सुरक्षा अपडेटची तारीख बघून ठेवा आणि आपापल्या गटाच्या वहीत लिहा.